ताईने बटण दाबलं

९ जानेवारी

ताई,

अक्षर ओळखलं नसशील. माझंच आहे, पण डाव्या हाताचं. ओळी वर चढतात, मग घसरतात. 'क्ष' काढताना घाम फुटतो म्हणून तो टाळायचं ठरवलं, तर पत्राच्या दुसऱ्याच शब्दात तो हजर. बघ माझं नशीब.

मी सध्या हात बसवायच्या केंद्रात आहे. तीन आठवडे राहायचं आहे. इथल्या शिकवणाऱ्या बाईंनी रोज एक पान लिहायला सांगितलंय. दोन दिवस मी चादर, खोळ, टॉवेल असं लाँड्रीतल्या यादीसारखं लिहीत बसले. त्या म्हणाल्या, "अहो, पत्र लिहायला घरचं कोणी नाही का?" म्हणून तुला लिहितेय.

बाई पहिल्याच दिवशी रागावल्या. "अकरा महिने काय करत होतात? जखम भरली की लगेच यायचं असतं. उशीर केला की माणूस एका हाताने सगळं उरकायला शिकतो आणि मग दुसरा हात त्याला नकोसा होतो." मी म्हटलं, घरी अडचण होती. अडचण कसली, शालीखाली हात घालून बसले होते. दूधवाला आला तरी आत पळायचे.

आता हाताचं सांगते. कोपराखाली माझा वीतभर हात उरलाय. कोपर वाचलं हे मोठं, असं सगळे सांगतात. त्या उरलेल्या हातावर सुती मोजा चढवायचा आणि मोज्यावर घट्ट बसणारा कडक साचा. साच्यापासून एक पट्टा पाठीवर जातो आणि डाव्या काखेतून वळून इंग्रजी आठसारखा परत येतो. त्याला सायकलच्या ब्रेकला असते तशी तार. टोकाला हात नाही, आकडा आहे, लोखंडी, दोन वाकड्या बोटांचा. खांदा पुढे ढकलला की तार ओढली जाते आणि आकडा उघडतो. खांदा सैल सोडला की रबराची वळी त्याला मिटवतात. वीज नाही, बॅटरी नाही. सगळी मेहनत पाठीची आणि खांद्याची.

मी रबरी हात मागितला होता, नखं असलेला. हात बनवणाऱ्या माणसाला इथे सगळे मिस्त्री म्हणतात. तो म्हणाला, "तो फोटोपुरता चांगला. तुम्हाला काम करायचंय की फोटो काढायचाय?" मी रडले. त्याने रडू दिलं आणि तोवर पट्ट्याचं माप घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ताई, मी तुला माफ केलंय. अगदी मनापासून. माणसाच्या हातून चुका होतातच. लाँड्रीतून तुला काढलं, तुम्हाला गाव सोडावं लागलं, आईने बोलणं टाकलं, ह्या सगळ्याचं मला वाईट वाटतं. मी कधी तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, तेवढंच सांगितलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझी बारकी


१७ जानेवारी

ताई,

भाऊजींचं कार्ड मिळालं. "तिने तुमचं पत्र वाचलं. नंतर दोन दिवस जेवली नाही. तुम्ही तिला माफ केलंत, आभारी आहोत. यापुढे लिहू नये." तीन ओळी आणि सही.

भाऊजींनी मला आजवर कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तुझ्या लग्नात मी त्यांचे बूट पाण्याच्या टाकीत टाकले, तेव्हासुद्धा 'गाढवे' म्हणाले होते.

लिहू नये म्हणालेत तरी लिहितेय. त्यांनी फाडलं तर फाडू देत.

इथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक सुतारकाका असतात. साठीचे आहेत. त्यांचा हात दंडापासून गेलाय, म्हणजे कोपरही नाही. त्यांच्या हाताला दोन तारा. एकीने कोपर वाकतं आणि आकडा उघडतो, दुसरीने कोपराला कुलूप लागतं. कुलूप लावायला खांद्याला एक विशिष्ट झटका द्यावा लागतो. तो चुकला की कप तोंडाशी येता येता हात धपकन खाली. काल चहा अंगावर सांडला तर म्हणाले, "एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, चहासुद्धा पिता येत नाही हे कोणी सांगितलं नव्हतं." सगळे हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

माझं शिकणं असं चाललंय. सकाळी उरलेल्या हातावर बोटांनी टिचक्या मारायच्या, जाड टॉवेलने चोळायचं, म्हणजे कातडी निबर होते. मग साचा. पहिल्या दिवशी फक्त वीस मिनिटं. काढल्यावर कातडी लाल झालीय का बघायचं, आणि लाली थोड्या वेळात गेली नाही तर मिस्त्रीला दाखवायचं. आता मी तीन तास घालते. खुंट्या उचलून भोकात बसवते, बरणीचं झाकण फिरवते, कपडे वाळत घालायचे चिमटे दोरीला लावते. आकड्याला काही कळत नाही, हे सगळ्यात अवघड. ऊन, गार, मऊ, काहीच नाही. डोळ्यांनी बघत राहावं लागतं. नजर हलली की वस्तू पडलीच.

आणि जो हात नाही तो दुखतो. मूठ आवळलेली आहे आणि नखं तळव्यात रुतलीत असं वाटतं. बाई मध्ये आरसा उभा करतात. डावी मूठ उघडली की आरशात उजवी उघडल्यासारखी दिसते. काहींना त्याने आराम पडतो. मला थोडा पडतो.

काल सुतारकाकांनी विचारलं, "तुझा कसा गेला?"

मी नेहमीचं सांगितलं. इस्पितळाच्या चादरी धुणारी लाँड्री, इस्त्रीचा मोठा गरम रोलर, मी पुढून चादर घालत होते, पलीकडे बहीण होती, रोलर थांबलेला होता, माझा हात आत होता आणि बहिणीने बटण दाबलं.

काका थोडा वेळ आकड्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "पण त्या रोलरला पुढे एक आडवा दांडा असतो ना? हात लागला की मशीन बंद करणारा? माझ्या पुतण्याच्या लाँड्रीत आहे."

मी म्हटलं, "मोडला होता."

"असं," ते म्हणाले.

दांडा मोडलेला नव्हता, हे तुला माहीतच आहे. मी का तसं म्हटलं कोण जाणे.

बारकी


२४ जानेवारी

ताई,

दोन दिवसांसाठी घरी आले होते, हात घालून राहायला जमतं का ते बघायला. बसमध्ये शाल पांघरूनच बसले. कंडक्टरने तिकीट पुढे केलं आणि मी सवयीने उजवा खांदा पुढे नेला, तर शालीतून आकडा बाहेर. तो दचकला. मग त्याने तिकीट नीट आकड्यातच अडकवून दिलं, जणू रोज तेच करतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने हात पाहिला नाही. बघितलं ते माझ्या कपाळाकडे, मग भिंतीकडे. मी ओट्यावर काकडी चिरून दाखवली. आकड्याने काकडी धरायची, डाव्या हाताने सुरी. जाड-बारीक झाल्या फोडी, पण झाल्या. आई म्हणाली, "हे सगळं तिच्यामुळे." आणि फोडी तोंडात न घालता उठून गेली.

भिंतीवर आपल्या दोघींचा फोटो होता ना, शाळेच्या गणवेशातला. तो काढलाय. खिळा तसाच आहे. शेजारच्या काकूंनी विचारलं, थोरली काय म्हणते? आई म्हणाली, "मला एकच मुलगी."

मी तिथेच बसले होते. पायाशी परडी, परडीत शेंगा. मी शेंगा सोलत राहिले.

दांडा बांधलेला होता.

हे मी आधीच लिहायला हवं होतं. मागच्या पत्रात लिहायला घेतलं आणि 'मोडलेला नव्हता' एवढ्यावर थांबले. दांडा चांगला होता, पण चादरीच्या फाटक्या किनारीची पट्टी घेऊन तो खांबाला बांधलेला होता, म्हणजे काहीही लागलं तरी हलू नये. आपल्या भाषेत मोठी सोय आहे, ताई. काच फुटली, दूध उतू गेलं, दांडा बांधलेला होता. कोणी, ते सांगावंच लागत नाही.

परत आल्यावर सुतारकाकांना म्हटलं, "तो दांडा मोडला नव्हता, बांधला होता."

ते म्हणाले, "कोणी?"

मी म्हटलं, "सगळेच बांधायचे."

ते म्हणाले, "सगळ्यांचे हात गेले का?"

मी उठून गेले. तुला हे पत्र टाकू की नको, ठरत नाहीय.

बारकी


३१ जानेवारी

ताई,

मी बांधला होता.

आता एकदा सुरू केलंय तर थांबू नये. डावा हात दुखायला लागला तरी लिहिणार आहे.

त्या दांड्याला जरासं काही लागलं की रोलर बंद पडायचा. चादरीचा फुगा लागला तरी बंद. पुन्हा सुरू करायला तुला तुझ्या बाजूने बटण दाबावं लागायचं. मला त्याचा राग यायचा. पलीकडच्या मशीनवाल्या आपल्या आधी ढीग संपवायच्या आणि हसायच्या. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा. तू मात्र दर वेळी पट्टी सोडायचीस. त्या दिवशीही सकाळी सोडलीस. म्हणालीस, "बारके, हा दांडा आहे म्हणून आपण आहोत. पुन्हा हात लावू नकोस त्याला." मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "तुझे हात म्हातारे झालेत म्हणून दुसऱ्यांनीही रांगायचं का?" बायका हसल्या.

चहाची सुट्टी झाली. तू अजून कप विसळत होतीस तेव्हा मी पट्टी पुन्हा बांधली. ह्या वेळी दोन गाठी मारल्या.

मग ती ओली चादर गोळा झाली. तू रोलर थांबवलास. मधलं ते मोठं झाकण आणि वाफ, तुझ्या बाजूने माझे हात दिसतच नाहीत, म्हणून आपलं ठरलेलं होतं की पुढचीने सांगितल्याशिवाय मागचीने बटण दाबायचं नाही. मी आत हात घालून कोपरा सोडवत होते. कोपरा सुटत आला होता. मला वाटलं, रोलर फिरायला लागला की तो आपोआप ओढला जाईल आणि तेवढ्यात मी हात काढीन. ढीग राहिला होता. पलीकडच्यांचा संपत आला होता.

मी ओरडले, "लाव!"

ताई, मी ओरडले. हात आत असताना. तू विचारलंससुद्धा, "मोकळी आहेस ना?" आणि मी म्हटलं, "लाव म्हटलं ना!"

तू बटण दाबलंस.

चादरीचा पीळ मनगटाला बसला आणि हात गेला. दांड्याला माझी कोपरं, छाती, सगळं लागलं असणार. तो हलला नाही. माझ्या गाठी पक्क्या होत्या.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी ते कोणालाच सांगितलं नाही म्हणून लिहिते. तू मशीन बंद केलंस. धावत आलीस, बाकीच्या किंचाळत होत्या तेव्हा तू चाक उलटं फिरवून रोलर वर उचललास. तुझ्या अंगठ्याला भाजलं. स्वतःचा एप्रन फाडून माझा दंड आवळलास आणि गाडी येईपर्यंत धरून बसलीस. डॉक्टर म्हणाले होते, ज्यांनी हे बांधलं त्यांच्यामुळे ही वाचली. मी ते शुद्धीत ऐकलंय.

पाचव्या दिवशी सुपरवायझर इस्पितळात आला. तू औषध आणायला गेली होतीस. तो म्हणाला, "दुपारी चौकशीचे साहेब येतील. दांड्याचं काही काढू नकोस. तू बांधलास हे निघालं तर तुला कोण ठेवील? एका हाताची बाई. बटण कोणी दाबलं एवढंच सांग. ते तर खरंच आहे ना?"

तू औषध घेऊन आलीस. माझ्या केसांचा गुंता झाला होता. तू उशाशी बसलीस आणि विंचरायला लागलीस. डाव्या हाताने बट धरायची, उजव्या हाताने फणी. अंगठ्याला पट्टी होती तरी न दुखवता. मी तुझ्या हातांकडे बघत होते. दोन होते. मला वाटलं, हिचे का राहिले?

हे सगळ्यात वाईट आहे, ताई. नोकरीची भीती होती, सुपरवायझर होता, ते सगळं खरं. पण साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नोकरी नव्हती. तुझे हात होते.

मी म्हटलं, "ताईने बटण दाबलं."

साहेब म्हणाले, "तुम्ही सांगितल्याशिवाय?"

मी डोळे मिटले. त्यांना वाटलं, थकले. त्यांनी लिहून घेतलं. मी डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. त्या कागदात एक अक्षर खोटं नाही आणि पूर्ण कागद खोटा आहे.

आणि मी तुला पत्र लिहून माफ केलं. ते पत्र आठवलं की आकड्याने स्वतःचं तोंड झाकून घ्यावंसं वाटतं. ते पत्र जाळ. हे ठेव.

हे भाऊजी वाचत असतील तर वाचू देत. भाऊजी, 'तुम्ही' म्हणालात तेच बरोबर होतं.

बारकी


१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. मी अपेक्षा केली नव्हती, पण रोज टपालवाल्याच्या वेळेला दारात असते.

काय काय झालं ते कळवते.

केंद्रातून सुटी मिळाली. निघताना सुतारकाकांना सांगितलं, मी बांधला होता. ते म्हणाले, "मला ते कळलं होतं. मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांग." मग त्यांनी कोपराला कुलूप लावून मला हात पुढे केला. आकड्यात आकडा अडकवून आम्ही निरोप घेतला, मिस्त्री बघत होता, म्हणाला, "रबर तुटतील हो."

आईला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. मी सगळं सांगितलं, पट्टी, दोन गाठी, "लाव", सुपरवायझर. केसांचं सांगितलं नाही, ते मला तोंडाने सांगता येत नाही. आई ऐकत राहिली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "ती आली होती मागच्या पावसाळ्यात. दारात उभी होती. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. दार लावून घेतलं."

मी म्हटलं, "हो."

"तू आत होतीस."

"हो."

"ऐकत होतीस."

"हो."

आई खाली बसली. बराच वेळ नुसते हात चोळत राहिली. मग म्हणाली, "मी तुला धुतलं, भरवलं, वर्षभर. एवढ्या दिवसांत एकदा तुझी जीभ उचलली नाही?" आवाज चढवला नाही. "मला तिच्या गावच्या गाडीची वेळ विचारून ये. आणि माझ्याबरोबर येऊ नकोस."

तू आईला घरात घेतलंस हे मला तिच्याकडूनच कळलं. पुढचं ती सांगत नाही, मी विचारत नाही. फोटो पुन्हा खिळ्यावर आहे. माझ्याशी ती कामापुरतं बोलते.

सोमवारी लाँड्रीत गेले. शाल घेतली नाही. मशीनवरच्या बायका बघत राहिल्या, आकड्याकडे, मग माझ्याकडे. मी मॅनेजरच्या खोलीत सांगितलं की मला जबाब बदलायचा आहे. सुपरवायझर तिथेच होता. हसला. म्हणाला, "आता एवढ्या दिवसांनी? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?"

त्याच्या लक्षात आलं तो काय बोलला. कानापर्यंत लाल झाला. मी उजवा हात टेबलावर ठेवला, कडक साचा आहे ना, ठक्कन आवाज झाला. म्हटलं, "बघा की. दाखवायलाच आलेय."

मॅनेजर म्हणाले, "तुम्हाला मोजणीच्या टेबलावर घ्यायचं ठरलं होतं. हे लिहून दिलंत तर ते होणार नाही, एवढं समजून घ्या."

"समजलं," मी म्हटलं. समजलंच होतं.

तिथून चौकशीच्या कचेरीत. तेच साहेब. त्यांना मी आठवत नव्हते, आकडा बघून आठवले. म्हणाले, "सांगा, मी लिहून घेतो." मी म्हटलं, मीच लिहीन. आकड्याने कागद दाबून धरला आणि डाव्या हाताने लिहिलं. दीड तास लागला. ते मध्ये एकदा चहा पिऊन आले. वाचून म्हणाले, "पण बटण तर तुमच्या बहिणीनेच दाबलं होतं. मग जुन्या जबाबात खोटं काय?"

मी म्हटलं, "तिने विचारलं होतं, ते नाही त्यात. मी ओरडले, ते नाही. दांडा मी बांधला, ते नाही. तिने मला वाचवलं, ते नाही. राहिलं काय, साहेब? एक बटण."

त्यांनी चष्मा काढून पुसला. दोन दिवसांनी ते न सांगता लाँड्रीत गेले. तीनपैकी दोन मशीनचे दांडे अजून बांधलेलेच होते. त्यात माझ्या मशीनचाही. माझ्या जागी आलेली बाई तिथे उभी होती, दोन्ही हात आत.

सुपरवायझरला घरी बसवलंय. तुझ्यावरचा ठपका काढल्याचा कागद तुझ्या पत्त्यावर येईल. परत कामावर घेऊ असंही त्यात आहे म्हणे. तू येशील की नाही, तो तुझा प्रश्न.

मला त्यांनी काढल्याचं पत्र दिलं नाही, पण कामाचं बोलावणंही येत नाही. शेजारच्या काकू मला बघून दार लोटतात. बरोबर आहे. हेच सगळं तू वर्षभर सोसलंस, आणि तू काही केलं नव्हतंस.

बारकी


२ मार्च

ताई,

काल तू येऊन गेलीस. जाताना म्हणालीस, "पत्र लिहीत जा, उत्तर देईनच असं नाही." म्हणून लिहितेय.

तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. चिमटा आकड्यात होता. तू आधी आकड्याकडेच पाहिलंस. आईसारखी भिंतीकडे नाही. म्हणालीस, "उघडून दाखव." मी खांदा पुढे केला, आकडा उघडला, चिमटा खाली पडला. तू म्हणालीस, "हं." किती बारीक झालीस. अंगठ्यावरचा डाग अजून आहे.

आई पाणी आणायला गेली. तू बसली नाहीस. मी म्हटलं, "ताई, मला माफ..." तू मध्येच म्हणालीस, "ते नको. ते तू मला एकदा केलंस. त्याचं काय होतं मला माहीत आहे."

मग तू जे सांगितलंस ते मला कधीच सुचलं नव्हतं. मला वाटत होतं, मी तुझी नोकरी घेतली, गाव घेतलं, आई घेतली. तू म्हणालीस, "मी तुला विचारलं होतं आणि तू 'लाव' म्हणालीस, हे मी चौकशीत सांगितलं. कोणी ऐकलं नाही. तुझ्या भाऊजींना सांगितलं, ते म्हणाले, असेल. मग तीन-चार महिन्यांनी मलाच वाटायला लागलं की तू ओरडलीच नव्हतीस. मशीनचा आवाज असेल. मला तसं ऐकू यावंसं वाटलं म्हणून आलं असेल. बारके, मी घरी गॅस लावताना दहा वेळा विचारते, लावू का? कोणी हो म्हणालं तरी मला ते खरं वाटत नाही. माझा माझ्या कानांवरचा भरवसा गेला."

मी म्हटलं, "मी लिहिलंय ना, मी ओरडले म्हणून."

"लिहिलेलं वाचलं. चार वेळा वाचलं. कागदाला आवाज नसतो." मग म्हणालीस, "म्हणून दाखव."

मी म्हटलं, "लाव."

"असं नाही. तेव्हासारखं."

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबली होती. खिडक्या उघड्या होत्या, समोरच्या गच्चीवर काकू कपडे झटकत होत्या. तो शब्द मी वर्षभर टाळत आले होते, आईला सांगताना पुटपुटले तेवढाच. दिवा लाव म्हणायचं तरी मी 'दिवा कर' म्हणायचे. तू माझ्याकडे पाठ केलीस आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिलीस, मशीनच्या पलीकडे उभी राहायचीस तशी, मला न बघता. आणि तिथून विचारलंस, "मोकळी आहेस ना?"

ताई, मी ओरडले. पोटातून. "लाव म्हटलं ना!"

समोर काकूंच्या हातातली चादर तशीच राहिली. खाली कोणीतरी सायकल थांबवली. आईच्या तांब्यातलं पाणी फरशीवर सांडलं.

तू वळली नाहीस. भिंतीवर हात टेकलेस, दोन्ही, आणि मान खाली घातलीस. मग म्हणालीस, "हाच. हाच आवाज होता."

आणि तू रडायला लागलीस, मोठ्याने, लहान मुलीसारखी. मी जवळ आले नाही. यावं की नाही कळलं नाही. आई गेली. तू आईच्या खांद्यावर पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "मला ऐकू आलं होतं गं. मला नीट ऐकू आलं होतं."

बारकी